साफसफाईला हात लावण्याआधी सगळ्याची प्रत काढा

‘कार्ड आमच्याकडे येतच नाही, ग्राहक पेमेंट गेटवेच्या (कार्डाचे पैसे घेणाऱ्या कंपनीच्या) पानावर जाऊन पैसे भरतो, मग कार्डांची चोरी आमच्या ऑनलाइन दुकानातून कशी होईल?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. तीन वर्षांपूर्वी मीही जवळपास याच शब्दांत विचारलं होतं.

दोन ग्राहकांना कार्डाचे आकडे दोनदा भरावे लागले, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. खरी गोम तिथेच आहे. पहिला फॉर्म बहुधा गेटवेचा नसणार. चेकआउटच्या, म्हणजे पैसे भरायला नेणाऱ्या, पानात चोरांनी घुसवलेली स्क्रिप्ट (छोटासा कोड) खोटा फॉर्म दाखवते, आकडे उचलते, ‘व्यवहार झाला नाही’ असं सांगते आणि मग ग्राहकाला खऱ्या गेटवेकडे सोडते. पैसे रीतसर जमा होतात, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही.

पासवर्ड, टू-फॅक्टर, प्लगइन अपडेट यांवर लिहीत नाही, ते तुम्ही करालच. माझं सगळ्यात जास्त नुकसान कशानं झालं ते सांगते. घाबरून मी त्याच रात्री आठवड्यापूर्वीचा बॅकअप चढवला. कीड त्या बॅकअपमध्येही होती, त्यामुळे ११ दिवसांनी पुन्हा तक्रार आली. त्याहून वाईट म्हणजे, कोणती फाइल कधी बदलली, कोणतं ॲडमिन खातं कधी उघडलं, हा सगळा माग मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

उरले होते सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं, काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. होस्टिंग कंपनीने फाइली स्कॅन करून तीनदा कळवलं, ‘तुमची साइट स्वच्छ आहे.’ फाइली स्वच्छच होत्या हो! कोड डेटाबेसमध्ये होता. थीमच्या सेटिंगमध्ये फूटर स्क्रिप्टची चौकट असते, तिथे भेटी मोजणाऱ्या कोडच्याच ओळीत, मध्ये शेकडो मोकळ्या जागा सोडून तो लपवला होता. उजवीकडे सरकवत गेल्याशिवाय दिसत नव्हता. मी लॉग मागितले, तर ‘तिकीट पुढे पाठवलंय’. माणूस बोलायला मिळेपर्यंत १४ दिवसांची मुदत संपली आणि लॉग आपोआप पुसले गेले. याचा राग अजून गेलेला नाही. त्यांच्याकडे माहिती होती, फक्त कोणी उचलून दिली नाही.

परिणाम असा की चोरी कधीपासून चालू होती, ते कळायला मार्गच उरला नाही. वर्षभरात कार्डाने पैसे भरलेल्या प्रत्येकाला पत्र लिहावं लागलं. एका जुन्या ग्राहक बाईंनी विचारलं, ‘माझं कार्ड गेलं की नाही, एवढंच सांगा.’ मला सांगता आलं नाही.

म्हणून आज आधी चेकआउट बंद करा. बंद म्हणजे फक्त बंद, काहीही पुसू नका. मग फाइली, डेटाबेस आणि लॉग यांची प्रत सर्व्हरबाहेर उतरवून घ्या. लॉग कंट्रोल पॅनलमधून स्वतःच उतरवा, कोणाच्या उत्तराची वाट बघू नका. साफसफाई त्यानंतर. पान तपासताना ॲडमिनमधून बाहेर पडा आणि दुसऱ्या फोनवरून, खाजगी विंडोत बघा. अशा बऱ्याच स्क्रिप्ट लॉगिन केलेल्या ॲडमिनला दिसतच नाहीत. मी दहा वेळा तपासलं, दहाही वेळा लॉगिन असताना.

माझं ठाम मत, पटलं तर घ्या: चेकआउटवर चॅटची खिडकी, जाहिरातीचे पिक्सेल (जाहिरात कंपन्यांचे माग ठेवणारे कोड), भेटी मोजणारे कोड काहीही नको. २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या पानावरून कार्डं चोरणारी स्क्रिप्ट जेमतेम २२ ओळींची होती. पन्नास स्क्रिप्टच्या गर्दीत तेवढ्या ओळी कोण शोधणार? पीसीआय डीएसएस, म्हणजे कार्डाने पैसे घेणाऱ्यांसाठीचे सुरक्षा नियम, त्यांच्या चौथ्या आवृत्तीतही पेमेंट पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची यादी आणि ती का हवी याची नोंद मागितली आहे.

मी सुरक्षातज्ज्ञ नाही, दुकान चालवते. कायद्याचं तुमच्याकडच्या वकिलाला विचारा, पण आजच विचारा. युरोपातले ग्राहक असतील तर जीडीपीआरखाली (युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा) नियामकाला कळवायला, प्रकार लक्षात आल्यापासून ७२ तासच मिळतात. गेटवेलाही लगेच कळवा.

आणि ग्राहकांच्या पत्रात ‘तुमची सुरक्षितता आम्हाला महत्त्वाची’ वगैरे नको. कोणत्या तारखांना, काय गेलं आणि कार्ड बंद करून नवीन मागवा, एवढंच पहिल्या तीन ओळींत लिहा.