सासूबाईंना लायसिनच्या गोळ्या द्याव्यात का?

प्रश्न : सासूबाई ७० वर्षांच्या, वजन ५० किलो. दात गेल्यापासून ज्वारीची भाकरी चहात कुस्करून खातात, डाळ नकोच म्हणतात. मुलगा लायसिनच्या गोळ्या आणतो म्हणतोय. आणू देऊ का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, गोळ्यांची घाई नको. लायसिन म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल. ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच यावं लागतं. सासूबाईंच्या वजनाला रोज साधारण दीड ग्रॅम. १०० ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम पाव ग्रॅम असतं, तेवढ्याच कोरड्या मूगडाळीत दीड ग्रॅमच्या वर! डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते भाकरी भरून काढते. म्हणून भाकरी सोडायची नाही, फक्त चहाऐवजी दूध किंवा वरण घ्यायचं.

माझ्या आईनंही असंच डाळीला तोंड फिरवलं होतं. फार जीव तुटायचा. शेवटी आपल्या नाशिकच्या मिसळीतली मोड आलेली मटकी मऊ शिजवून घोटली, तिखट तर्री अजिबात नाही, वरून थोडं तूप-जिरं. वाटीभर प्यायली! तसं करून पाहा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डाळ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.