स्मॉलकॅप निर्देशांकात आपल्या कोल्हापूरच्या फौंड्रीसारख्या छोट्या कंपन्या असतात का?

नाही. शिरोली, गोकुळ शिरगावातल्या बहुतेक फौंड्री शेअर बाजारात नोंदलेल्याच नाहीत. निर्देशांक म्हणजे ठरावीक कंपन्यांच्या शेअरची एकत्रित चाल दाखवणारा आकडा. निफ्टी स्मॉलकॅप २५० या निर्देशांकात बाजारमूल्यानुसार (सगळ्या शेअरची मिळून किंमत) साधारण २५१ ते ५०० क्रमांकाच्या कंपन्या येतात, आणि त्यांचं मूल्यही हजारो कोटींत असतं. बड्यांच्या मानाने छोट्या, एवढंच. यादी वर्षातून दोनदा तपासतात. वाढलेली कंपनी मिडकॅपमध्ये, म्हणजे मध्यम कंपन्यांच्या यादीत जाते, फार घसरलेली बाहेर पडते.

चढ-उतार मात्र दणकून. २०१८ मध्ये ५० बड्या कंपन्यांचा निफ्टी ५० किंचित वर राहिला, पण हा स्मॉलकॅप निर्देशांक पाव हिश्श्याहून जास्त कोसळला. त्यामुळे ऊसबिलाचे पैसे पुढच्या वर्षी घरबांधणीला किंवा लग्नाला लागणार असतील, तर कृपा करून इथे घालू नका. सात-आठ वर्षं हात लावावा लागणार नसेल, तरच या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, म्हणजे इंडेक्स फंडात, थोडी एसआयपी (दरमहा ठरावीक रक्कम) लावा.