पाणी, ताप की आजोळ?

प्रश्न : माझे वय 28. विट्याहून सांगलीत आल्यापासून बोअरचे पाणी वापरतो. महिनाभर कंगव्यात केसांचे पुंजके येत आहेत. मामांना टक्कल आहे, वडिलांना नाही. पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता. दोष पाण्याचा की आनुवंशिकतेचा?

उत्तर : आपण जाता जाता केलेला डेंग्यूचा उल्लेखच मला महत्त्वाचा वाटतो. तीव्र तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे आजाराचा विसर पडल्यावर, डोक्याच्या सर्व भागांतून मुळासकट गळू लागतात. गळालेल्या केसाच्या टोकाशी बारीक पांढरी गाठ दिसते. ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते व केस पुन्हा येतात. क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतात, टक्कल पडत नाही. बोअरवर उगाच खापर फोडू नये.

आनुवंशिक टकलात पुंजके क्वचितच येतात. कपाळाचे कोपरे व टाळू येथील केस वर्षानुवर्षे बारीक होत जातात. त्यातील एक महत्त्वाचे जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून मामांकडे बोट दाखवले जाते. परंतु इतर अनेक जनुके दोन्ही घराण्यांकडून येतात. दोन्ही कारणे एकाच डोक्यावर नांदू शकतात, तेव्हा कोपरे मागे सरकत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.