रिपोर्टात जनुक सापडले, पण पुरावा किती?

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या मुलाला लेह सिंड्रोम (पेशींची ऊर्जानिर्मिती बिघडून मेंदूला हानी पोहोचवणारा जनुकीय आजार) असल्याचे एमआरआयवरून सांगितले आहे. आम्ही नवरा-बायको आते-मामे भावंडे. एक्झोम तपासणीत (जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचणाऱ्या चाचणीत) एका जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बदल सापडला. पण या जनुकाची जगात एकाच कुटुंबात नोंद आहे, असे रिपोर्ट म्हणतो. पुढच्या खेपेला या बदलावरून गर्भाची तपासणी करावी का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्या पुराव्यावर नको. बदल घातक आहे का, हा नंतरचा प्रश्न. मुळात त्या जनुकामुळे लेह होतो, हे सिद्ध व्हायला हवे. जनुक आणि आजार यांच्या नात्याचा पुरावा तोलणाऱ्या ‘क्लिनजेन’ या प्रकल्पाच्या पद्धतीत रुग्णांमधल्या जनुकीय पुराव्याला जास्तीत जास्त १२ आणि प्रयोगांना ६ गुण असतात. ६ पर्यंत पुरावा ‘मर्यादित’, ७ ते ११ ‘मध्यम’, १२ पासून पुढे ‘भक्कम’. एकाच कुटुंबावर गाडी ‘मर्यादित’च्या पुढे सहसा जात नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आते-मामे भावंडांच्या मुलात सरासरी सोळाव्या हिश्श्याएवढ्या जनुकसंचात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. म्हणजे दोन्ही प्रतींत सारखे असलेले दुर्मीळ बदल त्याच्यात बरेच सापडणार, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. आई-वडील दोघेही वाहक (एकच प्रत बदललेले) निघाले, तरी त्यावरून जनुक दोषी ठरत नाही.

सर्फ-१ जनुकाचे उदाहरण घ्या. ते लेहचे कारण असल्याचे १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. रुग्णांच्या पेशींत निरोगी जनुक घातल्यावर कॉम्प्लेक्स-४ चे (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या श्वसनसाखळीतल्या एका एन्झाइमचे) काम सुधारले, पुढे असंबंधित कुटुंबांतही याच जनुकातले दोष सापडत गेले. याउलट सर्फ-१ नसलेल्या उंदरांच्या मेंदूत लेहसारखी हानी झालीच नाही. म्हणून उंदरांचा प्रयोग फसला एवढ्यावरून जनुक बाद होत नाही, आणि जमला म्हणून सिद्धही होत नाही.

आधी मायटोकॉन्ड्रियल डीएनएची (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, आईकडून येणाऱ्या डीएनएची) स्वतंत्र तपासणी झाली आहे का, ते पाहा. साध्या एक्झोममध्ये तो नीट वाचला जात नाही. त्यात ८९९३ क्रमांकाच्या जागी बदल निघाला, तर आजार आईकडून येणारा ठरतो आणि दोन्ही पालक वाहक असताना दर गर्भाला चारात एक धोका, हे गणितच लागू होत नाही. निरोगी भावंड असेल तर त्याचीही तपासणी करा. त्याच्यातही दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर संशय त्या जनुकावरून बराच दूर जातो.

मग त्वचेच्या पेशी वाढवून श्वसनसाखळीची एन्झाइमे मोजता येतात. एखादे कॉम्प्लेक्स कमी आढळले, तर निरोगी प्रत घातल्यावर ते सुधारते का, हीच खरी कसोटी. त्वचेतली मोजणी कधी कधी सामान्य येते आणि दोष स्नायूतच दिसतो, त्यामुळे नुसत्या सामान्य निकालावर थांबू नका. उरलेल्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये साठवून ठेवायला सांगा.

लॅबकडून मूळ डेटा फाइल मागून घ्या. जनुक जीनमॅचरवर (एकाच जनुकात रस असलेल्यांना जोडणाऱ्या संकेतस्थळावर) नोंदवायला डॉक्टरांना सांगा, दुसरे कुटुंब तिथे भेटू शकते. वर्ष-दीड वर्षाने तोच डेटा पुन्हा तपासून घ्या. तोवर या बदलावरून गर्भाला निरोगी ठरवू नका, आजारीही ठरवू नका.