विंच किती ताकदीची घ्यावी?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे. जून-जुलैमध्ये खत घेऊन जाणारे आमचे पिकअप बागेच्या कच्च्या चढावर दरवर्षी रुतते आणि चाके अर्ध्यापर्यंत चिखलात जातात. कागदपत्रांनुसार गाडीचे मालासह कमाल वजन २९०० किलो आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र, बसवायचा विचार आहे. एक दुकानदार ९५०० पौंडांची विंच भरपूर झाली असे सांगतो, तर दुसरा १२,००० पौंडांची घ्यायला सुचवतो. कोणाचे ऐकावे? बंद पडलेला ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवण्यासाठी हीच विंच वापरता येईल का?
– एक बागायतदार वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : आपण गाडीचे मालासह कमाल वजन कळवलेत हे बरे झाले, कारण पुष्कळ जण रिकाम्या गाडीच्या वजनावरून विंच ठरवतात आणि नेमकी भरलेली गाडी रुतल्यावर ती कमी पडते. सर्वसाधारण नियम असा की कमाल वजनाच्या दीडपट ओढ देणारी विंच घ्यावी. आपल्या गाडीसाठी हा आकडा ४३५० किलो येतो. ९५०० पौंड म्हणजे सुमारे ४३०९ किलो आणि १२,००० पौंड म्हणजे सुमारे ५४४३ किलो. म्हणजे पहिल्या दुकानदाराची विंच नियमाच्या थोडी अलीकडेच थांबते. तरीही तो अगदीच चुकीचे सांगत नाही आणि दुसऱ्याचेही म्हणणे अपुरे आहे. कारण दोघेही खोक्यावर छापलेल्या आकड्याविषयी बोलत आहेत आणि तो आकडा प्रत्यक्ष चिखलात क्वचितच हाती लागतो.

विंचची ताकद मोजतात ती ड्रमवर दोराचा फक्त सर्वांत आतला थर गुंडाळलेला असताना. त्यावर दुसरा, तिसरा थर चढत जातो तशी ड्रमची त्रिज्या वाढते, आणि मोटरचा पीळ तेवढाच असल्याने ओढ घटत जाते. साधारणपणे प्रत्येक थरामागे दहा ते पंधरा टक्के घट धरावी. दोर ज्या झाडाला अडकवायचा ते गाडीच्या जवळच असेल, थोडाच दोर सोडलेला असेल आणि ओढ चौथ्या थरावरून होत असेल, तर ९५०० पौंडांच्या विंचकडून २८५० किलोंच्या आसपास आणि १२,००० पौंडांच्या विंचकडून ३६०० किलोंच्या आसपासच ओढ मिळेल. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. विंचच्या माहितीपुस्तिकेत थरानुसार ओढीचा तक्ता दिलेला असतो. तो मागून घ्यावा आणि तक्ताच नसेल तर ती विंच घेऊ नये.

आता आपल्या चढावर किती ओढ लागेल ते पाहू. अमेरिकी लष्कराच्या वाहन-रिकव्हरीच्या प्रशिक्षणातला ठोकताळा असा आहे : वाहन चाकांपर्यंत रुतले असेल तर मालासह त्याच्या वजनाइतका, आणि मडगार्डपर्यंत रुतले असेल तर वजनाच्या दुप्पट विरोध गृहीत धरावा. आपली गाडी पहिल्या प्रकारात मोडते, म्हणजे चिखलाचेच २९०० किलो झाले. त्यात चढाचे धरायला हवे. चढ १५ अंशांचा असेल तर वजनाच्या सुमारे २६ टक्के, म्हणजे आणखी ७५० किलो. एकूण ३६५० किलो. वरचे आकडे याच्या शेजारी ठेवले की दिसते, चौथ्या थरावर १२,००० पौंडांची विंचही काठावर नापास होते.

यावर आणखी मोठी विंच हा उपाय नव्हे. उपाय आहे कप्पी, जिला दुकानात स्नॅच ब्लॉक म्हणतात. कप्पी झाडाला बांधून, दोर तिच्यातून फिरवून हूक परत गाडीच्याच चेसिसला अडकवला की गाडीवरची ओढ जवळजवळ दुप्पट होते. घर्षणात दहा टक्के गेले असे धरले तरी ९५०० पौंडांची विंच चौथ्या थरावरून ५१०० किलोंच्या आसपास ओढ देते. शिवाय दोर दुप्पट सुटत असल्यामुळे ड्रम आतल्या थरांवर येतो, आणि तिथे मुळातच ताकद जास्त असते. वेग निम्मा होतो, पण बागेत तशी घाई कोणाला आहे? तरीही मी आपल्याला १२,००० पौंडांचीच विंच कप्पीसह सुचवेन. कारण असे की २५ मीटरचा दोर दुहेरी केला की पल्ला बारा मीटरांवर येतो, आणि तेवढ्या अंतरात भक्कम झाड नसेल तर एकेरी ओढीवरच भिस्त ठेवावी लागते. पैशाची अडचण असेल तर ९५०० पौंडांची विंच व कप्पी घ्यावी आणि रुतल्यावर आधी खताच्या गोणी उतरवाव्यात. बाराशे किलो माल उतरला तर लागणारी ओढ २१५० किलोंच्या घरात येते आणि एकेरी दोरावरही काम भागते. चाकांपुढचा चिखल फावड्याने काढणे आणि शक्य तिथे गाडी आली त्याच चाकोरीने मागे ओढणे, यानेही भार बराच हलका होतो. मात्र पुढे बसवलेल्या विंचने मागे ओढता येत नाही, हे खरेदीआधीच लक्षात घ्यावे.

झाडाला दोर थेट गुंडाळू नये. रुंद पट्टा बुंध्याशी, जमिनीलगत घालावा आणि त्याची दोन्ही टोके शॅकलमध्ये, म्हणजे खिळीने बंद होणाऱ्या लोखंडी कडीत, घ्यावीत. दुहेरी ओढीत झाडावर एकेरी दोराच्या दुप्पट ताण येतो, म्हणून तिथले शॅकल साडेसहा टनांचे, म्हणजे ७/८ इंची असावे. जुना आंबा किंवा फणस चालेल. पोफळ किंवा भिजल्या जमिनीतला माड नको. दोर पोलादी घेतलात तर किनाऱ्याच्या हवेत तो गंजतो आणि तुटला तर प्राणघातक वेगाने उसळतो. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असून कमी उसळतो, पण वाळूने आणि जांभ्याच्या खरीने आतून झिजतो, म्हणून प्रत्येक वापरानंतर धुवावा लागतो. मी धुण्याचा त्रास पत्करेन. दोर कोणताही असो, त्यावर मध्यावर ओले गोणपाट टाकावे आणि कोणालाही त्याच्या आसपास उभे राहू देऊ नये. ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच वेढे कायम राहिलेच पाहिजेत. कृत्रिम दोर निसरडा असल्याने त्याचे आठ-दहा ठेवावेत.

पूर्ण भाराखाली अशी मोटर ४०० अँपिअरच्या पुढे प्रवाह घेते आणि गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) त्याचा जेमतेम चौथा भाग पुरवतो. बाकी सगळे बॅटरीतून जाते. म्हणून बॅटरी नवी असावी, इंजिन चालू ठेवावे आणि मिनिटभर ओढल्यावर मोटरला थंड होऊ द्यावे.

विंच बंपरच्या पत्र्याला नव्हे, चेसिसला जोडलेल्या ब्रॅकेटवर बसवावी. त्यासाठी पुढे जाड लोखंडी गार्ड लावण्याचा मोह टाळावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते, आणि वाहनातील बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. काम सुरू करण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. २१०० किलोंचा ट्रॅक्टर १५ अंशांच्या फळ्यांवरून चढवायला, चाके मोकळी फिरत असतील तर, साधारण ६५० ते ७०० किलो ओढ लागते. ३५०० पौंडांची विंचही हे करू शकते. मोठी विंच अर्थातच चालेल, पण इथे प्रश्न ओढीचा नसून थांबवण्याचा असतो. ड्रमच्या आत ब्रेक असलेल्या विंचवर भार धरून दोर सोडत राहिले तर ब्रेक तापतो, म्हणून ट्रॅक्टर उतरवताना थांबत थांबत उतरवावा आणि प्रत्येक टप्प्यावर मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावावा. ट्रॅक्टर चढल्यावर त्याला विंचच्या दोरावर बांधून रस्त्याने नेऊ नये; चारही बाजूंनी साखळ्या लावून दोर सैल करावा.