वाचकांचे प्रश्न : आधी वर्ग की आधी वस्ती?

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सुवार्तासेवकांसाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्यांसाठी, नऊ महिन्यांचा वर्ग चालतो. आठ विद्यार्थी, दर शनिवारी चार तास. सात महिने सिद्धांत, मग दोन महिने गोवंडीच्या वस्तीत सेवा. वस्तीत गेल्यावर निम्म्यांची वाचा बसते. बाकीचे म्हणतात, एवढं शिकून उपयोग काय? काय बदलावं?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : शनिवारचे तास तेवढेच ठेवा, क्रम मोडा. तिसऱ्या आठवड्यापासूनच वस्तीत पाठवा : शनिवारी दोन तास वर्ग, दोन तास जोडीने भेटी. भेटींच्या उजळणीसाठी बुधवारी संध्याकाळी वेगळा तास काढा. ती शनिवारीच घातली, तर लोकल गाठायच्या घाईत पहिली कात्री तिलाच लागते, आणि खरं शिक्षण तर तिथेच होतं.

उजळणीसाठी प्रत्येकाने एक संभाषण लिहून आणावं. भेटीच्या वेळी वही काढायची नाही. त्याच रात्री आठवून वीस-पंचवीस ओळी लिहायच्या, नाव बदलून. डाव्या बाजूला दोघे काय बोलले ते, उजव्या बाजूला त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं ते. दुसऱ्या दिवसावर ढकललं की विद्यार्थी आपली उत्तरं सुधारून लिहितो, मग त्यातून काही हाती लागत नाही. चौघांचा एक गट करा आणि एका बुधवारी दोनच संभाषणं घ्या.

समजा, मूल गेलेल्या आईने विचारलं, "देवाने का नेलं?" आणि विद्यार्थी म्हणाला, "देवाची इच्छा." इथे 'सहानुभूती कमी पडली' एवढं सांगून थांबू नका, त्याचा सिद्धांतच कच्चा आहे. पुढच्या शनिवारी बायबलमधले लूक १३:१-५, योहान ९:१-३ (संकट म्हणजे पापाची शिक्षा असं नाही) आणि स्तोत्र ८८ (दुःखिताचा आक्रोश) घ्या. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले (ईयोब २:१३) तोवर ठीक होते. त्यांच्या बोलण्यावर मात्र देव रागावला (४२:७).

याउलट, प्रार्थनेनंतर बरं वाटलं म्हणून क्षयाच्या गोळ्या थांबवणाऱ्या रुग्णाला मूक संमती देणारा विद्यार्थीही भेटेल. क्षयाचे उपचार साधारणपणे किमान सहा महिने चालतात. मध्येच सोडले तर औषधांना दाद न देणारा क्षय होण्याचा धोका असतो. आरोग्यदान (प्रार्थनेने बरं होणं) हा विषय शिकवताना हे त्याच तासाला सांगायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, हेही पाठ हवं.

प्रश्न : येशूच्या प्रेषितांनी वचन सोडून पंगतीची सेवा करायला नकार दिला (प्रेषितांची कृत्ये ६:२). मग उपदेशकाने शिधावाटपात का पडावं?
– एक पाळक, मुलुंड

उत्तर : मूळ ग्रीकमध्ये रोजच्या वाटपाला (६:१) आणि वचनाच्या सेवेला (६:४) एकच शब्द आहे, दियाकोनिया (सेवा). प्रेषितांनी कामाची वाटणी केली, प्रतवारी नाही. वाटपासाठीही आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसं मागितली. त्या सातांतल्या स्तेफनाचं भाषण प्रेषितांच्या कृत्यांतलं सर्वांत लांब आहे, आणि फिलिप्पाने रथात बसून आफ्रिकेतल्या कूश देशाच्या अधिकाऱ्याला यशयाचा ५३वा अध्याय उलगडून सांगितला. वाटपाला नेमलेल्यांना शास्त्र पक्कं येत होतं. तुमच्या शिधा वाटणाऱ्यांना येतं का, ते पाहा.

प्रश्न : शिध्याच्या पिशवीत सुवार्तेची पत्रिका टाकावी का?
– एक वाचक, धारावी

उत्तर : नको. रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांच्या १९९४च्या आचारसंहितेत तिसरंच कलम आहे : मदतीचा वापर एखादी राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. रिकाम्या डब्यासमोर माणूस कशालाही 'हो' म्हणतो, आणि तो होकार विश्वास नव्हे. कुणी आपणहून विचारलंच, तर दुसऱ्या दिवशी पिशवीशिवाय जा.