कंपनी बदलण्याआधी तो ओलीचा मेल विमा कंपनीला कळवा

तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिसला दोन वर्षं झाली, पीआय (प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे कामातल्या चुकीवरून येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा) पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय, दुसरी कंपनी कमी हप्त्यात देतेय. आणि शेवटी सहज म्हणून, एका जुन्या क्लायंटनं छताला ओल आल्याचं कळवलंय. ते शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. माझं नेमकं तिथेच बिनसलं होतं.

पीआय का घ्यायची ते सांगत बसत नाही. मला आलेला मेल दोन ओळींचा होता: गच्चीखालच्या खोलीत ओल दिसतेय, सवडीनं बघून जा. सोबत फोटो, कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळट डाग. ठेकेदारानं सांधा भरून दिला आणि मी विषय मिटला असं धरलं. भरपाई कुणी मागितलीच नव्हती, म्हणून विमा कंपनीला कळवायचं सुचलंही नाही. 4 महिन्यांनी पॉलिसी संपली, मी स्वस्तातली दुसरी घेतली. त्यानंतर वकिलाची नोटीस आली, माझ्या ड्रॉइंगमधलं पॅरापेटजवळचं, म्हणजे गच्चीच्या कठड्याजवळचं, वॉटरप्रूफिंगचं डिटेल चुकीचं आहे म्हणून.

पीआय सहसा 'क्लेम्स मेड' असते. चूक कधी झाली हे नाही, दावा आला त्या दिवशी कुठली पॉलिसी चालू होती ते बघतात. जुनी कंपनी म्हणाली, दावा मुदतीनंतर आला. नवी म्हणाली, तुमची रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट (जिच्या आधीची कामं पॉलिसीत धरत नाहीत ती तारीख) पॉलिसी सुरू झाली तीच आहे, ड्रॉइंग त्याआधीचं. शिवाय 'दावा होऊ शकेल असं काही माहीत आहे का' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं. सगळा खर्च माझ्या खिशातून गेला.

नवी पॉलिसी घेताना मी विचारलं होतं हो, जुनी कामं धरलीत ना? 'सगळं कव्हर आहे सर.' नंतर त्याच ऑफिसात 3 खेपा घातल्या, दर वेळी टेबलावर नवा माणूस, दर वेळी 'वर पाठवलंय'. लेखी एक ओळ कुणी दिली नाही. याचा राग अजून जात नाही.

तेव्हा आजच सध्याच्या कंपनीला कळवा. मेल, फोटो, कामाच्या तारखा जोडा आणि पोच घ्या. बऱ्याच पॉलिसींत मुदतीत कळवलेल्या गोष्टीवरून पुढे दावा आला, तर तो त्याच पॉलिसीत धरतात. क्लायंटला 'माझी चूक झाली, करून देतो' असं लिहू नका. कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली तर दावा नाकारायला तेच कारण पुढे करतात. ओल बघायला मात्र जरूर जा. आणि नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) जुनीच रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट छापून आल्याशिवाय कंपनी बदलू नका, हप्ता कितीही कमी असो.

मी विम्यातला माणूस नाही, प्रत्येक पॉलिसीची भाषा वेगळी असते, तुमची एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या. वकिलाचा खर्च विमा रकमेतूनच कापला जातो की वेगळा मिळतो, तेही त्याच बैठकीत विचारा. आणि नोकरीत असताना बाहेरची कामं केली असतील तर ती वेगळी सांगा. ऑफिसची पॉलिसी सहसा ऑफिसच्या कामापुरतीच असते, हे मला फार उशिरा कळलं.